नाकाडोंगरीच्या रानवाटा आणि तळ्याच्या पाळी

यंदाच्या स्मरणिकेसाठी आपल्या भागाच्या इतिहासावर काहीतरी लिहून द्यावे, असा आपल्या मंडळाच्या चिटणीसबाईंचा आग्रह झाला, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि सनावळ्या. आपले नाकाडोंगरी पडले तुमसर तालुक्याच्या उत्तरेकडचे, सातपुड्याच्या पायथ्याचे, रानाला खेटून वसलेले गाव. येथे ना कोणाचे सिंहासन होते ना राजवाडा. मग लिहावे तरी कशावर?

परंतु विषय आपल्या पायांनीच माझ्या दाराशी चालत आला, किंबहुना धावत आला असे म्हटले पाहिजे. गेल्या हिवाळ्यात एका पहाटे मी अंगणात सडा टाकीत होते. रस्त्यावरून पाचसहा मुली धावत येत होत्या. भरतीची तयारी करणाऱ्या आपल्याच गावच्या पोरी त्या. मागून एक भरलेला ट्रक भोंगा वाजवीत आला आणि त्या साऱ्या भराभर रस्त्याखाली उतरल्या. एकीच्या बुटाचा बंद सुटला होता. ती माझ्या ओट्यावर टेकली आणि बंद बांधता बांधता म्हणाली, “आजी, तुमच्या वेळेस पोरी धावत होत्या का वं?”

मी हसून म्हटले, “बाई, आम्ही कशाला धावतो!” ती गेली, पण तो प्रश्न काही गेला नाही. दिवसभर कामे करताना मनात येत राहिले की, आपण खोटे बोललो. आम्ही धावत होतो. चैत्रात मोह वेचायला उजाडायच्या आत रान गाठायचे म्हणून धावत होतो. ज्येष्ठात वळवाने गाठले म्हणजे डोक्यावरची मोळी सांभाळीत पाळीवरून धावत होतो. तेंदूच्या दिवसांत फळीवरचा मुन्शी हिशेबाची वही मिटण्यापूर्वी पुडे मोजून द्यायचे म्हणून तर कित्येकदा धावलो. फक्त त्याला कोणी धावणे म्हणत नव्हते. काम म्हणत होते.

तेव्हा ठरविले की, ज्या वाटांवरून आपण सगळ्या आजवर चाललो आणि धावलो, त्या वाटांचाच इतिहास लिहावा.

वाटा कशा पडल्या

आपल्या मुलखाची ठेवण प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा उतरत येतात. शिवनी जिल्ह्यातून निघालेली बावनथडी नदी बालाघाट आणि भंडारा या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहत जाऊन वैनगंगेला मिळते. मध्ये साग, ऐन, धावडा, बीजा, मोह, तेंदू, चार आणि बांबू यांचे रान. वायव्येकडे हेच रान पुढे शिवनीच्या रानाला भिडते. इंग्रज लेखक किपलिंग याने १८९४ साली प्रसिद्ध केलेल्या गोष्टींतला मोगली ज्या शिवनीच्या रानात लांडग्यांबरोबर धावतो, तेच हे रान आणि त्या गोष्टींतली वैनगंगा ती आपलीच. गंमत अशी की, खुद्द किपलिंगने हे रान पाहिलेले नव्हते. दुसऱ्यांच्या वर्णनांवरून त्याने ते रंगविले. आपल्या आज्यापणज्यांनी मात्र ते रोज तुडविले आणि त्यावर एक ओळही लिहिली नाही.

अशा मुलखात वाट पडते ती गरजेने. आखरावरून गुरे रानात गेली की गुरांची वाट पडते. शेतावर बंडी गेली की पांदण होते. पाण्याला बाया गेल्या की पाणवठ्याची वाट होते. तळे बांधले की त्याची पाळ हाच उंच, कोरडा, सरळ रस्ता होतो; पावसाळ्यात जेव्हा सारी धानाची बांधी चिखलाने भरलेली असते, तेव्हा पाळीवरूनच गावोगावचे दळणवळण चाले. माझी आजी म्हणत असे, “चालनाऱ्याची वाट रायते, पोरी, नाही तं रान गिळते.” दोन पावसाळे वाट मोडली की तिच्यावर टाकळा, घाणेरी आणि करवंदीची जाळी माजते, हे आपण साऱ्याजणी पाहतोच.

गडाची वाट आणि देवाची वाट

आपल्या भागातील सर्वांत जुनी सांगण्याजोगी वाट म्हणजे आंबागडाची. तुमसरपासून सुमारे १३ किलोमीटरवर, सातपुड्याच्या एका सोंडेवर हा गड उभा आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याचा अंमल या मुलखावर होता. नागपूर शहराची स्थापना करणारा राजा तो हाच. त्याचा सुभेदार राजाखान पठाण याने १७०० च्या सुमारास आंबागड बांधला, असे इतिहास सांगतो. पुढे १७४३ नंतर देवगडच्या राज्याची सूत्रे रघूजी भोसल्यांच्या हाती गेली आणि त्याबरोबर हा गडही नागपूरकर भोसल्यांकडे आला. भोसल्यांच्या काळात त्याचा उपयोग तुरुंगासारखा होत असे. कैद्यांना तेथील विहिरीचे विषारी पाणी पाजून मारीत, अशी हकीकत जुन्या लोकांच्या तोंडी आहे.

आता गड राजाचा खरा. पण गडावर चुना, दगड, धान्य आणि पाणी चढले ते कोणाच्या डोक्यावरून? तळच्या गावांच्या माणसांनी ती वाट पाडली. बांधणाऱ्या सुभेदाराचे नाव आपल्याला ठाऊक आहे. वाट पाडणाऱ्यांचे एकही नाव नाही. वाटांच्या इतिहासाची ही पहिली खूण.

दुसरी वाट देवाची. गायमुखाची यात्रा आपल्यापैकी कोणाला नवी नाही. गाईच्या मुखातून पडावी तशी तेथे पाण्याची धार पडते, आणि ज्यांना पचमढीचा मोठा महादेव घडत नाही त्यांच्यासाठी हा लहान महादेव. महाशिवरात्रीला गावोगावचे पोहे पायी निघतात, हातात त्रिशूळ आणि डफ, तोंडी महादेवाची गाणी. एरवी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्यास ज्या सुनांना चार जणांची परवानगी लागे, त्या सुना या वाटेवर मात्र दोन दिवस मोकळ्या चालत. रानातल्या वाटेची भीती या गाण्यांनी घालविली, असे मला वाटते.

आपल्या पश्चिमेस रामटेक. त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेला आपल्या बाजूची माणसे पूर्वी बंड्यांनी आणि पायी जात. रामटेकजवळचे नगरधन म्हणजे प्राचीन नंदिवर्धन, वाकाटक राजांची राजधानी. तेथे इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकात एका स्त्रीने राज्यकारभार पाहिला. तिचे नाव प्रभावतीगुप्ता. गुप्तसम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही कन्या आणि वाकाटक राजा रुद्रसेन दुसरा याची राणी. पतीच्या निधनानंतर मुले लहान म्हणून राज्याची धुरा तिने वाहिली. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तिचा ताम्रपट सापडला आहे. त्यात ती हे दान रामगिरीच्या स्वामीच्या पायांपासून दिल्याचे नमूद करते. रामगिरी म्हणजे आपले रामटेक, असे विद्वान मानतात. देवळे पुढे बांधली गेली, मोडली, पुन्हा बांधली गेली. त्या डोंगरावर पूजनीय होती ती पावले. रामटेकची वाट चढताना या राणीची आठवण आपण जरूर ठेवावी.

तळी आणि त्यांच्या पाळी

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगाच नव्हे. पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक जुने मालगुजारी तलाव आहेत. त्यांतले पुष्कळसे कोहळी समाजाने बांधले. या लोकांना गोंड राजाने काशीकडून आणले, अशी त्यांची परंपरा सांगते. जो तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याखालची जमीन माफीने मिळे. त्यांची मुख्य वस्ती आपल्या दक्षिणेस, साकोली-लाखांदूरकडे. आज गोंदिया जिल्ह्यात असलेला नवेगावचा विस्तीर्ण बांध कोलू पाटील कोहळी याने घातला, असे सांगतात. त्याला लोकांनी कोलासूर म्हणून देवपण दिले आणि भोवतालच्या सात टेकड्यांना सातबहिणी म्हटले, कारण तलाव बांधताना या सात बहिणींनी त्याला हात दिला अशी कथा आहे. बघा, येथेही माती वाहणाऱ्या बहिणीच! त्या टेकड्या होऊन बसल्या म्हणून तरी लक्षात राहिल्या.

कोहळ्यांची करामत अशी की, दोन टेकड्यांमधील उतार नजरेने हेरून मातीची पाळ घालायची, पाणी सोडायला तुडूम ठेवायचे आणि जादा पाणी निघून जायला एका अंगाने सांडवा काढायचा. एका तळ्याचा सांडवा खालच्या बोडीत आणि बोडीचे पाणी बांधीत, अशी साखळीच असे. पाळीवर मोह, आंबा, जांभूळ अशी झाडे राखीत. त्यांच्या मुळ्यांनी माती धरून ठेवली आणि सावलीने वाट झाकली. दर उन्हाळ्यात तळ्यातला गाळ काढून शेतात टाकीत व पाळीच्या भेगा बुजवीत. या कामाला मालगुजार असो, शेतकरी असो, घरटी माणूस द्यावे लागे.

मालगुजारी मध्य प्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून संपुष्टात आली. पिळवणूक संपली हे उत्तमच झाले. तलाव सरकारजमा झाले आणि लोक त्यांना माजी मालगुजारी म्हणजे “मामा तलाव” म्हणू लागले. पण घरटी माणूस देण्याची रीत मात्र त्याबरोबरच ओसरली. तळे सरकारचे, मग पाळही सरकारची, मग तिच्यावरचे काटे आपण कशाला तोडायचे, असे म्हणता म्हणता कित्येक पाळींवर बाभळी माजल्या. आपल्या तालुक्यात चांदपूर आणि बघेडा यांसारखे मोठे तलाव पाटबंधाऱ्याचे आहेत. त्यांची निगा खाते राखते. लहान तळ्यांचा आणि बोड्यांचा वाली मात्र गाव हाच आहे.

धावणारे पहिले लोक

आता माझ्या ओट्यावर बसलेल्या मुलीच्या प्रश्नाकडे वळते. या वाटांवर पूर्वी धावत होते कोण?

धावणे हाच ज्यांचा पेशा होता असे लोक म्हणजे जासूद आणि हरकारे. मराठ्यांच्या राज्यकारभारात पत्रे आणि बातम्या तेच पोहोचवीत. घोडा रस्त्याने धावतो. रानातल्या ओढ्यानाल्यांतून आणि घाटवाटांतून माणूसच लवकर पोहोचतो. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले वारले आणि दुसऱ्या वर्षी त्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. इंग्रजी अमलात टपालखाते आले, तरी टपाल वाहणारा पाय तोच राहिला. खांद्यावर थैली, हातात भाला आणि भाल्याला घुंगरे, असा डाकवाला आपला पाचसहा मैलांचा टप्पा धावून पुढच्या चौकीवर थैली दुसऱ्याच्या हाती देई. घुंगरांचा आवाज ऐकून वाटेतली माणसे बाजूस होत आणि जनावरेही बिचकून दूर राहत. रात्री रानातून एकट्याने धावणाऱ्याला त्या आवाजाचीच काय ती सोबत. वाघाने नेलेल्या डाकवाल्यांच्या हकीकती त्या काळच्या लिखाणांत आढळतात.

ही युक्ती केवळ आपल्याच देशातली नव्हे. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात इंका राजांचे टपाल असेच टप्प्याटप्प्याने धावणारे लोक डोंगरांतून नेत. तेथे तर घोडा हे जनावरच नव्हते. जेथे रस्ता नाही तेथे राज्य माणसाच्या पोटऱ्यांवर चालते, हेच खरे.

सरकारी मुख्य टपालाखेरीज जिल्ह्याच्या आतील गावांसाठी ‘जिल्हा डाक’ म्हणून निराळी व्यवस्था होती. तिचा खर्च स्थानिक वसुलीतून निघे. १९०६ पर्यंत ती मुख्य टपालखात्यात मिळून गेली. तोवर नागपूरहून पूर्वेकडे आगगाडी धावू लागली होती, आणि हरकाऱ्याची घुंगरे हळूहळू मुकी झाली.

रान बंद झाले

वाटांच्या इतिहासातील सर्वांत दुःखाचे पान आता येते. १८६५ आणि त्यामागून १८७८ साली जंगलाचे कायदे झाले. राखीव जंगल म्हणून हद्दी आखल्या गेल्या. काल जी वाट सरपणाची, ती आज गुन्ह्याची झाली. गवत कापले तर दंड, गुरे शिरली तर कोंडवाडा. त्यातच १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ आले. दुसऱ्याला आपले जुने लोक छपन्याचा दुष्काळ म्हणत. ज्यांना पूर्वी रानातले कंद आणि मोह तारीत, त्यांना सरकारी कामावर गिट्टी फोडावी लागली. आपल्या प्रांतातले पुष्कळसे रस्ते आणि तलाव या दुष्काळी कामांतून झालेले आहेत. त्यांतील मोठा हात बायकांचा होता.

१९३० साली महात्माजींच्या मिठाच्या सत्याग्रहाचा डंका देशभर वाजला. आपल्याकडे समुद्र नाही. म्हणून मध्य प्रांत-वऱ्हाडात जंगलचा कायदा मोडण्याचे ठरले. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला गवत कापून सत्याग्रहाला प्रारंभ केला. तो वणवा आपल्या शेजारी शिवनी जिल्ह्यातही पोहोचला. तेथील तुरिया या गावी ९ ऑक्टोबर १९३० रोजी गवत कापण्यास जमलेल्या आदिवासी लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात चार जण हुतात्मा झाले. त्यांतील तीन स्त्रिया होत्या: मुड्डोबाई, रेनोबाई आणि देभोबाई. चौथे बिरजू.

भगिनींनो, हे गाव दूरदेशीचे नव्हे. ज्या रानातून आपली बावनथडी येते त्याच बाजूचे ते गाव. गवताचा भारा आपणही बांधला आहे. तो बांधण्यासाठी छातीवर गोळी घेणाऱ्या या तिघी आपल्या कोण लागतात, याचा विचार व्हावा. आपल्या शाळांतील मुलांना राण्यांची नावे पाठ असतात, ती असावीतच. त्यांच्या जोडीला ही तीन नावेही असावीत.

खाण, गाडी आणि धरण

विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या डोंगरांत काळा दगड सापडला. तो मॅंगनीज. पोलाद बनविण्यास तो लागतो. १८९६ साली स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या कंपनीने नागपूर-भंडारा-बालाघाट पट्ट्यात हा धंदा उभारला. १९६२ मध्ये सरकारच्या भागीदारीने मॅंगनीज ओअर इंडिया लिमिटेड निघाली व १९७७ मध्ये ती पूर्णपणे सरकारी झाली. आपण तिला मॉईल म्हणतो. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या तिच्या खाणी आपल्या शेजारच्याच. डोंगरीच्या खनिजाचा एक प्रकार बॅटरीच्या सेलमध्ये वापरतात. रात्री वाट पाहण्यासाठी आपण ज्या टॉर्चचा खटका दाबीत आलो, तिच्यात आपल्याच डोंगराची माती असू शकेल!

खाणीपाठोपाठ तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारा रेल्वेफाटा आला. वाटांची तोंडे बदलली. पूर्वी त्या तळ्याकडे आणि रानाकडे जात, आता खाणीकडे आणि स्टेशनाकडे जाऊ लागल्या. पहाटे टोपले आणि भाकर घेऊन खाणीवर निघालेल्या मजुरिणींच्या रांगा आमच्या आईच्या पिढीने पाहिल्या. घराला रोख पैसा आला, मुले शाळेत गेली. हे उपकार विसरता येत नाहीत. पण ज्या टेकडीवरून वाट जात होती ती टेकडीच काही ठिकाणी उरली नाही, हेही तितकेच खरे.

मग बावनथडीवर सीतेकसा येथे दोन राज्यांचे मिळून धरण झाले. राजीव सागर त्याचे नाव. खालच्या शेतांना पाणी मिळाले. वरची कमकासूर आणि सुसुरडोह ही गावे उठली. गाव उठले म्हणजे घरांची मोजदाद होते, शेतांची होते, झाडांचीही होते. वाटांची होत नाही. माहेरी जाण्याची वाट पाण्याखाली गेली, तिची भरपाई कोणत्या कागदावर लिहिणार?

पुन्हा धावणाऱ्या मुली

आता शेवटचा भाग; आणि तो आनंदाचा आहे.

स्त्रियांनी धावावे की नाही, हा वाद मोठमोठ्या शहाण्या देशांतही कालपरवापर्यंत चालू होता. १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली. शर्यतीनंतर काहीजणी दमून खाली बसल्या, तर बायकांना हे झेपत नाही असा गवगवा करून ती शर्यतच बंद केली गेली. ती पुन्हा सुरू झाली १९६० मध्ये. मॅरेथॉन ही लांब शर्यत तर स्त्रियांना ऑलिंपिकमध्ये १९८४ पर्यंत मिळाली नाही. डोक्यावर मोळी घेऊन दोन कोस चालणारी आमची आजी हे ऐकून काय म्हणाली असती, कोण जाणे!

आपल्या महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत डोंगरवाटांवर धावता धावता देशाची धावपटू झाली. २०१० च्या दिल्ली येथील राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये तिने ब्राँझपदक मिळविले. साताऱ्याच्या माण या दुष्काळी तालुक्यातील ललिता बाबर २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली. दोघीही पाड्यावरच्या आणि खेड्यातल्या. त्यांचे पहिले मैदान म्हणजे गावची वाट.

आपल्या मुली पदकासाठी धावत नाहीत, नोकरीसाठी धावतात. पोलिसभरतीत मुलींना ८०० मीटर धावावे लागते. वनरक्षकाच्या भरतीत ३ किलोमीटरची धाव असते आणि त्यापुढे ४ तासांत १६ किलोमीटर चालून दाखवावे लागते. येथे मला क्षणभर थांबावेसे वाटते. ज्या रानात शिरली म्हणून आपल्या पणजीला दंड झाला असेल, ज्या रानाच्या गवतासाठी तुरियाच्या तिघींनी प्राण दिले, त्याच रानाची राखणदार म्हणून आज आपल्या गावची मुलगी खाकी गणवेश घालू शकते. इतिहासाने एवढे मोठे वळण घेतले ते आपल्या डोळ्यांदेखत.

आणि अशा मुलींना आपण धावायला काय दिले? तुमसर-कटंगी रस्त्याची कड. एका बाजूस ट्रक, दुसऱ्या बाजूस खड्डा. का, तर तळ्याच्या पाळीवर काटे माजले आहेत आणि पांदणीवर कोणी कुंपण पुढे सरकविले आहे. हा दोष मी दुसऱ्या कोणावर टाकीत नाही. माझ्या स्वतःच्या वाडीचा काटा पांदणीत दोन हात पुढे आला होता, तो मी या लेखाच्या निमित्ताने तोडविला, हे येथे कबूल करते.

म्हणून मंडळापुढे माझ्या दोन सूचना आहेत. पहिली ही की, दर वर्षी वर्धापनदिनाच्या आदल्या रविवारी घरटी एक बाई या जुन्या रीतीने आपण गावाजवळच्या तळ्याची पाळ साफ करावी. पाळीवरची मोठी झाडे तोडू नयेत. काटेरी झुडपे तेवढी काढावीत आणि भेगांत माती भरावी. दुसरी ही की, आपल्या गावचे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे कागद ग्रामपंचायतीच्या मदतीने तहसिलीतून काढून पाहावेत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्येही या कागदांना स्थान आहे. वहिवाटीचे रस्ते, पाणी, मासेमारी, सरपण यांविषयीचे गावाचे जुने हक्क त्यांत नोंदलेले असतात. वनातील गौण उपज गोळा करण्याचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यानेही मानला आहे. जी वाट कागदावर आहे ती माघारी मिळविता येते. जी नाही तिच्यासाठी ग्रामसभेत बोलता येते.

एक सावधगिरीही सांगून ठेवते. पाळ आणि पांदण धावण्यासाठी ठीक. खोल रानात पहाटे एकट्यादुकट्या मुलीने जाऊ नये. आपल्या रानात वाघ आहे, बिबट आहे, आणि मोहाच्या दिवसांत अस्वल आपल्याआधी झाडाखाली पोहोचते. हरकाऱ्याजवळ घुंगरे होती. आपण निदान चौघींनी मिळून, बोलत, उजाडल्यावर जावे.

परवा ती मुलगी पुन्हा भेटली. मी तिला बोलावून म्हटले, “त्या दिवशी मी खोटं सांगितलं पोरी. आम्ही धावत होतो.” ती म्हणाली, “मंग आता चालता का, आजी, पाळीवर?” गुडघे नको म्हणत होते, तरी गेले. ती धावून परत येईपर्यंत माझी पाळ निम्मीच झाली होती. पण पायाखाली वाट होती, आणि काटा जेथे लागला तेथे मी खूण करून ठेवली आहे. रविवारी कोयते घेऊन यावे, ही सर्व भगिनींना विनंती.